दुचाकी बापाने शिकावी, मुलाने शाळेत जावे

शनिवारी सकाळी श्रीगोंद्याहून काष्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर थोडा वेळ उभे राहिले तर एक दृश्य हमखास दिसते. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा स्कूटर चालवत असतो, मागे पंचेचाळीस-पन्नास वर्षांचे वडील बसलेले असतात आणि दोघांच्या मध्ये मालाचे गाठोडे असते. वडील कधी बांगड्यांचे व्यापारी असतात, कधी लिंबाचे, कधी तयार कपड्यांचे, तर कधी विळे-कोयत्यांना धार लावणारे शिकलगार. काष्टीचा जनावरांचा बाजार मोठा आणि त्याच्या आधाराने आपल्यासारख्यांचे अनेक छोटे-मोठे धंदे चालतात. पण शनिवारी शाळाही सकाळचीच असते. मुलगा त्या वेळी वर्गात नसतो, कारण तो वडिलांचा ड्रायव्हर झालेला असतो.

हा प्रकार केवळ आपल्याच समाजात आहे असे नाही. मात्र ज्या घरात धंदा बापाच्या एका हातावर चालतो, तिथे तो जास्त दिसतो आणि आपली बहुतेक घरे अशीच आहेत. व्यापारी व कारागीर बांधवांपुढे एक साधी गोष्ट मांडावयाची आहे. वय चाळीस असो वा पन्नास, दुचाकी स्वतः शिकून घ्या आणि मुलाला मोकळे करा.

"या वयात?"

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. पण या वयात शिकण्याची रीत आपल्या जिल्ह्याला नवी नाही. आपल्या वडिलांच्या पिढीने फेरीचा धंदा सायकलवर केला. बजाजच्या स्कूटरसाठी तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि ती परवडतही नसे. १९७२ साली कायनेटिक इंजिनिअरिंगने लुना बाजारात आणली. कारखाना आपल्या नगरचा, इंजिन ५० सीसीचे, गाडी हलकी आणि सायकलसारखी पायडलची. ज्यांचा जन्म सायकलवर गेला होता असे चाळिशी-पन्नाशीचे दूधवाले, फेरीवाले, कापडवाले तिच्यावर बसले आणि दोन गावांची फेरी चार गावांची झाली. त्यांनी वयाचा विचार केला नाही, पोटाचा केला.

त्या वेळी जे लुनेवर बसले नाहीत ते एस.टी.ने फिरत राहिले. पुढे मुलगा हाताशी आला, घरात गाडी आली आणि बाप मागच्या सीटवर बसला तो तिथेच राहिला.

मी स्वतः त्यांतलाच. श्रीगोंद्यात माझे तयार कपड्यांचे छोटे दुकान आहे आणि शनिवारी काष्टीला पाल लावतो. माझा मुलगा नववीत असल्यापासून मला बाजाराला नेत असे. मला त्याचे कौतुक वाटे. तो दहावीत असताना कारखान्याचा हंगाम चालू होता. बाजार उरकून परतताना अंधार पडला. पुढे उसाने भरलेला ट्रॅक्टर होता आणि मागच्या ट्रॉलीला ना दिवा, ना लाल पट्टी. मुलाने ऐनवेळी ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि आम्ही दोघे चारीत गेलो. अल्लाहची मेहरबानी, दोघे वाचलो. मुलाचा उजवा हात मात्र मोडला. सराव परीक्षेला तो हात गळ्यात बांधून बसला होता. डॉक्टरांनी विचारले, "गाडी कोण चालवत होते?" मला उत्तर देता आले नाही. पुढच्या महिन्यात, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, मी स्कूटर शिकायला सुरुवात केली.

कायदा कोणाला धरतो

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन कलम १९९-अ आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक वा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. मला माहीत नव्हते असे सिद्ध करण्याची संधी पालकाला कायद्याने ठेवली आहे. पण जो बाप त्याच गाडीवर मागे बसला आहे तो हे कोणत्या तोंडाने सांगणार?

अनेकांचा समज असा की बिनगिअरची गाडी सोळाव्या वर्षी चालते. ही सवलत ५० सीसीपर्यंतच्या गाडीपुरती आहे. आज घरोघरी असलेल्या १०० ते १२५ सीसीच्या स्कूटरला वयाची अट अठराचीच आहे.

दुसरी बाब पैशाची. विनालायसन्स चालकाकडून अपघात झाला आणि समोरचा माणूस जखमी झाला, तर विमा कंपनी त्याला भरपाई देऊन ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू शकते. मालकाच्या स्वतःच्या अपघात विम्यालाही वैध लायसन्स लागते. म्हणजे एका संध्याकाळी दुकानाचे भांडवल जाऊ शकते. धंद्यात पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्याने हा हिशेबही मांडून पाहावा.

उस्ताद वयाने ठरत नाही

शिकताना पहिली अडचण लाजेची असते. मला शिकवणारा गॅरेजवाला माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. सुरुवातीला मी खाली बघूनच गाडी चालवी. तो म्हणाला, "चाचा, नजर चाकाकडे नको, रस्त्याकडे ठेवा. जिकडे बघाल तिकडे गाडी जाते." मी मान वर केली आणि गाडी सरळ झाली. आपल्या कारागिरांत ज्याच्या हातात कसब तो उस्ताद, मग तो वयाने कितीही लहान असो. इथेही तेच धरून चालावे. फक्त घरच्या मुलाकडून एका संध्याकाळी शिकून दुसऱ्या दिवशी बाजाराला निघू नये. शागीर्दाला कोणी पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाचे कापड कापायला देत नाही.

फजरनंतर मोकळे मैदान गाठावे. पहिले काही दिवस फक्त सावकाश चालवणे, थांबणे आणि वळणे. ज्याला सायकल येते त्याचा तोल तयार असतो. त्याला बिनगिअरची स्कूटर लवकर जमते, कारण दोन्ही ब्रेक सायकलसारखे हातात असतात. फरक वजनाचा. गाडी शंभर किलोच्या आसपास भरते, म्हणून उभी गाडी सांभाळणे, स्टँडवर लावणे आणि ढकलत नेणे आधी शिकावे. मोटारसायकलला गिअर डाव्या पायात आणि मागचा ब्रेक उजव्या पायात असतो. ती शिकायला जास्त दिवस लागतात, पण चाके मोठी असल्याने वाडी-वस्तीच्या खड्ड्यांच्या रस्त्यावर ती अधिक स्थिर चालते. ज्याची फेरी डांबरी रस्त्याने आहे त्याने स्कूटर घ्यावी. ज्याला रोज कच्च्या रस्त्याने जावे लागते त्याने मोटारसायकलचा विचार करावा.

ब्रेक पुढचा व मागचा दोन्ही मिळून आणि हळूहळू दाबावेत. वाळू वा चिखल असेल तिथे पुढचा ब्रेक एकदम दाबला तर गाडी पडलीच समजा. मालाशिवाय हात पक्का बसल्यावरच माल लादावा आणि तोही खाली व दोन्ही बाजूंना सारखा. उंच गाठोडे वळणावर गाडीला ओढते.

शरीराचा खरा हिशेब

चाळिशीनंतर शरीर पूर्वीचे राहत नाही, हे लपवून उपयोग नाही. जवळचे वाचायला चष्मा लागला म्हणजे लांबचे नीट दिसते असे नव्हे. समोरच्या गाडीच्या दिव्याने डोळे दिपतात आणि पुन्हा दिसायला तरुणापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून डोळे तपासून घ्यावेत. नवशिक्याने पहिले वर्षभर रात्रीची गाडी टाळावी, विशेषतः उसाच्या हंगामात. मगरिबच्या आधी घर गाठता येईल असा बाजार उरकावा. साखर, रक्तदाब वा चक्कर यांचा त्रास असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चाळिशीवरील माणसाला लायसन्ससाठी फॉर्म १-अ चा वैद्यकीय दाखला लागतोच. तो सही-शिक्क्यापुरता न घेता खरोखर तपासून घ्यावा. ज्याला फिट येते त्याने गाडीला हात लावू नये. अशा बांधवांनी चार-पाच जणांत मिळून टेम्पो ठरवावा. त्यात कमीपणा नाही.

लर्निंग लायसन्सची परीक्षा २०२१ पासून घरबसल्या ऑनलाइन देता येते. लर्निंग सहा महिने चालते आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान काढलेले लायसन्स दहा वर्षे चालते, पन्नास ते पंचावन्नमध्ये काढलेले वयाच्या साठीपर्यंत आणि त्यानंतरचे पाच-पाच वर्षे.

हेल्मेट आय.एस.आय. मार्कचेच घ्यावे आणि पट्टा आवळावा. टोपीवर हेल्मेट बसत नाही ही सबब मी बऱ्याच जणांकडून ऐकली आहे. वाटेत टोपी खिशात ठेवावी, बाजारात पोहोचल्यावर पुन्हा घालावी.

गाडी घेताना

हप्त्यावरच्या गाडीत व्याज येते. ज्यांना ते नको आहे त्यांनी थोडे थांबून, साठवून, जुनी पण चांगली गाडी रोखीने घ्यावी. नवशिक्याच्या हातून गाडीला चार ओरखडे पडणारच, तेव्हा जुनी गाडी सोयीचीही असते. आर.सी. बुकावर फायनान्सचा बोजा नाही ना, विमा चालू आहे ना, हे पाहावे. व्यवहार झाल्यावर गाडी तीस दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावी. ओळखीचा माणूस आहे म्हणून कागद तसेच ठेवू नयेत. ज्या भगिनी घरी शिलाईचे काम वा बांगड्यांचा धंदा करतात त्यांनाही हे सर्व लागू आहे. कापड आणायला वा माल पोहोचवायला त्यांनी तरी लहान मुलावर का अवलंबून राहावे?

वर्षात शाळेचे चाळीसेक शनिवार येतात. तीन वर्षांत ते सव्वाशेच्या घरात जातात. एवढे दिवस मुलाने वर्गात काढले तर त्याचे काय होईल आणि रस्त्यावर काढले तर काय होईल, याचा विचार प्रत्येक बापाने करावा. मुलाला धंदा जरूर शिकवावा. सुट्टीत गल्ल्यावर बसवावे, हिशेब लिहायला लावावा, माल ओळखायला शिकवावा. पण आपले ओझे त्याच्या कोवळ्या हातांत देऊन आपण मागे बसणे म्हणजे धंदा शिकवणे नव्हे.

माझ्या मुलाचा हात बरा झाला. दहावी झाली, पुढे अठरा पूर्ण झाल्यावर त्याने रीतसर लायसन्स काढले. आता कधी आम्ही दोघे निघालो की किल्ली कोणी घ्यायची यावर आमची हुज्जत होते. काष्टीच्या बाजाराला मात्र मी एकटाच जातो, सावकाश जातो आणि दिवस मावळायच्या आत परत येतो.