भुलाबाईचा तास

भाद्रपदी पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागिरीला तिची बोळवण होते. विदर्भ-खानदेशाप्रमाणेच आमच्या सौंसर-पांढुर्णा भागातही हा महिना मुलींचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. भुलाबाईला मात्र ही सीमा कोणी दाखविली नाही. (२०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, हेही तिच्या कानी गेले नसावे.)

इंदूर-बडोद्याच्या भगिनींना भोंडला परिचित असेल. तेथे पाटावर हत्ती मांडून मुली त्याभोवती फेर धरतात. इकडे भुलोजी-भुलाबाईच्या मातीच्या मूर्तींपुढे टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणी होतात आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखावयाची असते.

चार वर्षांपूर्वी सहावीच्या वर्गात सहज विचारले, तेव्हा ही गाणी येणाऱ्या मुली दोनच निघाल्या. तेव्हा शनिवारच्या बालसभेत ती शिकवावयाची असे ठरविले. पण शिकविणार कोण? माझी एम. ए. ची पदवी येथे निरुपयोगी. एका विद्यार्थिनीच्या आजीबाईंना विनंती केली. त्या संकोचून म्हणाल्या, “गुरुजी, शायेत आमचं असं बोलनं चालन का?” मी मोठ्या उदारपणे ‘चालेल’ म्हणालो.

आजीबाई गात गेल्या, मी उतरून घेत गेलो. आणि रात्री कंदिलाच्या नसल्या तरी दिव्याच्या उजेडात बसून मी ती गाणी ‘शुद्ध’ केली. ‘डोया’चा ‘डोळा’ केला, ‘पानी’चे ‘पाणी’ केले. पुढील शनिवारी सुवाच्य अक्षरांत फळ्यावर लिहून दिले. मुली अडखळू लागल्या. ‘डोया’चे ‘माया’शी जुळलेले यमक माझ्या ‘डोळ्या’ने मोडले होते, कोठे एखादे अक्षर वाढल्यामुळे टिपरी भलत्याच जागी पडत होती. आजीबाईंनी हातातल्या टिपऱ्या खाली ठेवल्या. “हे गानं माह्यं नाही, गुरुजी,” एवढेच बोलल्या.

मी फळा पुसला.

वेल्स देशाविषयी पूर्वी वाचलेले त्या वेळी आठवले. एकोणिसाव्या शतकात तेथील काही शाळांतून वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात शिक्षा म्हणून लाकडाचा तुकडा अडकवीत. त्याच देशात १९२२ साली इफान अब ओवेन एडवर्ड्स यांनी मुलांसाठी वेल्श भाषेची संघटना काढली आणि १९२९ पासून तिचे गायन-नृत्य-काव्याचे बालमेळावे भरू लागले. लोकगीत, लोकनृत्य तेथे आजही मुले स्पर्धेसाठी शिकतात. मी कोणाच्या गळ्यात लाकूड अडकविले नव्हते, हे खरे. पण खडूने केलेले काम फार निराळे होते काय?

त्यानंतर शिकविण्याची रीत आजीबाईंचीच ठेवली. प्रथम पाऊल, मग टिपरी, शब्द सर्वांत शेवटी. नवखी मुलगी दोन जाणत्या मुलींच्या मध्ये उभी करावयाची. वह्या दप्तरातच. पंधरवड्यात एक आश्चर्य घडले. हिंदीच्या तासाला उच्चारांवरून हसे होते म्हणून तोंड न उघडणारी एक मुलगी फेरात सर्वांच्या पुढे गाऊ लागली. आपल्या शब्दांना येथे कोणी हसत नाही, हे तिने आमच्या आधी ओळखले होते. मुलगेही आत येऊ पाहतात, घेतो.

एका पालकभगिनींनी आक्षेप घेतला, की सासुरवासाची ही गाणी आजच्या मुलींना कशाला? प्रश्न रास्त आहे. परंतु सासरच्या जाचाविषयी बोलावयास जिला दुसरी जागाच नव्हती, तिने ते गाण्यात बोलून ठेवले आहे. ते मुलींनी ऐकू नये, असे मला वाटत नाही. गाणे संपल्यावर मुली त्यावर जे प्रश्न विचारतात, ते ऐकावयास या भगिनींनी एकदा यावे.

स्नेहसंमेलनात ध्वनिक्षेपकावर मुद्रित गाणे लावून नाच बसवावा, अशी सूचना दरवर्षी येते. मी ती दरवर्षी टाळतो.

यंदा गुडघ्यांमुळे आजीबाईंना शाळेची पायरी चढवेना. म्हणून बालसभाच त्यांच्या ओसरीवर नेली. त्रैमासिक परीक्षेच्या धामधुमीतही तो तास चुकविला नाही. दैनंदिनीत ‘भाषा’ असे लिहिले आहे. तपासणीला कोणी आले तर पाहू. खिरापत मात्र मला अजून एकदाही ओळखता आलेली नाही. परवा लाडू, वड्या, चिवडा सर्व सांगून हरलो. ताटाखाली संत्र्याच्या फोडी होत्या.