तीस मेंढ्या, एक नर: सोनोग्राफीवर खर्च करायचा की नाही?



मेंढीपालनाचा प्लॅन घेऊन येणारे बहुतेक जण माद्यांचा हिशोब चोख मांडतात. तीस मेंढ्या, इतका चारा, इतकी कोकरं, इतका नफा. पैदाशीचा नर मात्र शेवटच्या ओळीत असतो: "नर, एक नग." माझ्या मते सगळ्यात मोठी जोखीम त्याच ओळीत आहे.

एक मेंढी गाभ राहिली नाही तर एक कोकरू गेलं. नरातच दोष असेल तर अख्खा कळप रिकामा. वर हे लगेच कळत नाही. मेंढीचा माज साधारण १७ दिवसांनी फिरून येतो आणि गाभणकाळ पाच महिन्यांचा. तुम्ही वाट बघत बसता, चारा-औषधाचा खर्च चालूच. समजा एक कोकरू ५ हजारांना जातं आणि २० कोकरं कमी झाली, तर लाखाचा फटका! दुकानातला फ्रीज घेताना आपण वॉरंटी कार्ड मागतो. मग ज्याच्यावर वर्षाची कमाई अवलंबून, तो नर नुसती शिंगं आणि उंची बघून का घ्यायचा?

सोनोग्राफी काय सांगते?

बाईच्या पोटावर फिरवतात तसाच प्रोब नराच्या वृषणावर फिरवतात. चिरफाड नाही, सुई नाही. निरोगी वृषण पडद्यावर एकसारखं करडं दिसतं आणि मधोमध एक पांढरट रेघ असते. पाणी साठलं असेल तर तो भाग काळा दिसतो. जुन्या सुजेनंतर क्षार साठले असतील तर पांढरे ठिपके दिसतात. गाठ किंवा पू असला तरी कळतो. बाहेरून धष्टपुष्ट दिसणाऱ्या नराच्या आतली बिघाडी अशी सापडते.

काय सांगत नाही?

शुक्रजंतू किती आहेत आणि पळतात कसे, हे सोनोग्राफीत कळत नाही. त्यासाठी वीर्य तपासून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. नराला माद्यांमध्ये रस आहे का, हेही मशीन सांगत नाही. म्हणून कोणी नुसता सोनोग्राफीचा फोटो दाखवून "गॅरंटीचा नर" म्हणून जास्त भाव लावत असेल, तर सावध राहा.

माझ्या मते क्रम असा ठेवा

१. डोळे आणि हात. पाय, खूर, दात बघा. दोन्ही वृषणं खाली उतरलेली, जवळपास सारखी आणि घट्ट हवीत. लहान-मोठी, दगडासारखी किंवा लिबलिबीत असतील तर तिथेच थांबा. हे काम अनुभवी धनगरबाबा मिनिटात करतात, त्यांना सोबत घ्या.

२. टेप. वृषणांचा घेर मोजा. परदेशी जातींचे आकडे आपल्या डेक्कनी किंवा माडग्याळला लावू नका. त्याच जातीच्या, त्याच वयाच्या इतर नरांशी तुलना करा.

३. पशुवैद्यक. वीर्य तपासणी आणि ब्रुसेलोसिससाठी रक्त तपासणी. हा आजार माणसालाही होतो, हे विसरू नका.

४. सोनोग्राफी. हाताला शंका आली, वीर्याचा रिपोर्ट खराब आला किंवा नर महागडा असेल, तर नक्की करा.

म्हणजे दोन-पाच हजारांचा फरक असलेल्या साध्या नरासाठी पहिल्या तीन पायऱ्या बहुतेक वेळा पुरतात. पण आटपाडी-जतकडचा भारी माडग्याळ नर घेताय? मग सोनोग्राफीचे पैसे वाचवणं म्हणजे काटकसर नाही, जुगार आहे.

वेळ महत्त्वाची

शुक्रजंतू तयार होऊन बाहेर पडायला सुमारे दोन महिने लागतात. एप्रिल-मेच्या उन्हाचा किंवा तापाचा परिणाम त्यामुळे नंतरही दिसतो. कळपात नर सोडायच्या दोन महिने आधी तपासणी करा. दोष निघाला तर उपचाराला किंवा दुसरा नर शोधायला वेळ मिळतो.

नर सोडल्यावर त्याच्या छातीला तेलात कालवलेला गेरू लावा. ज्या मादीवर चढला तिच्या पाठीवर खूण उमटते. १७ दिवसांनी रंग बदला. बऱ्याच माद्यांवर दुसरा रंग उमटला, तर त्या उलटल्या आहेत. लगेच डॉक्टर गाठा.

"मीच मशीन घेऊन तपासणीचा धंदा करू का?"

करू नका. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार निदान-उपचार हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचं काम आहे. धंदाच करायचा तर तपासलेले नर विकण्याचा करा. वीर्याचा रिपोर्ट आणि तारीख कागदावर असेल, तर गिऱ्हाईक चार पैसे जास्त देतं आणि पुन्हा तुमच्याकडेच येतं. बाजारात भरवसा विकणारे फार थोडे आहेत.

आजचा गृहपाठ: तुमच्या प्लॅनमध्ये "नर, एक नग" च्या खाली अजून एक ओळ लिहा, "नर तपासणी खर्च". जवळच्या पशुवैद्यकाला दर विचारून आकडा भरा. आणि नर घेताना विक्रेत्याला स्पष्ट सांगा: "इसार आज देतो, बाकी रक्कम तपासणीनंतर." ज्याचा माल खरा, तो सहसा नाही म्हणणार नाही.