सातबारावरचं झुडूप

फ्लॅट बुक करताना आपण काय बघतो? पार्किंग, पाणी, ईएमआय. मग बँकेचा वकील ‘टायटल क्लिअर’ म्हणतो आणि आपण पेढे वाटतो. आता समजा, तुमच्या प्लॉटच्या सरकारी नोंदीत लिहिलंय, ‘झुडपी जंगल’. संपलं! कर्ज विसरा.

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत ही गंमत नाही, रोजची डोकेदुखी आहे. नागपुरात तर हायकोर्टाची इमारतसुद्धा कागदावर झुडपी जंगलातच उभी आहे.

हा शब्द जुन्या मध्य प्रांतातला. मुरमाड जमीन, खुरटी झुडपं, शेती होणार नाही, तेव्हा गावानं तिथं गुरं चारावीत, सरपण आणावं. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि या नोंदीही जशाच्या तशा सोबत आल्या. पुढं त्याच जमिनीवर घरं झाली, शाळा झाल्या, स्मशानंही झाली. जमीन महसूल खात्याची, त्यामुळं कुणाला काही वावगं वाटलं नाही.

मग आला १९८०चा वन संवर्धन कायदा. केंद्राच्या परवानगीशिवाय कुठल्याही राज्यानं वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची नाही. वन कशाला म्हणायचं, तेही सुप्रीम कोर्टानं १२ डिसेंबर १९९६ला गोदावर्मन खटल्यात सांगून टाकलं: नोंदीत जंगल असेल तर ते जंगल, मालक कुणी का असेना. म्हणजे बघा, जमीन जागच्या जागी, झुडपंही तीच. तिच्यावरचा कायदा तेवढा बदलला.

यातली सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन वनीकरणाच्या लायकीची नाही, ती यातून मोकळी करा, असं राज्य सरकारचं म्हणणं होतं. २२ मे २०२५ला सुप्रीम कोर्टानं ते मान्य केलं नाही. झुडपी जंगल हे वनच. मात्र १९९६च्या त्या तारखेआधी दिलेल्या जमिनी वाचवायची वाट ठेवली. राज्यानं जिल्हावार एकत्रित प्रस्ताव करून केंद्राची मंजुरी घ्यायची, बदल्यात झाडं लावायची अट नाही. तीन हेक्टरपेक्षा लहान, जंगलाला न लागून असलेले सुटे तुकडे संरक्षित वन म्हणून जाहीर करायचे.

मला हा निकाल पटतो. ८६ हजार हेक्टर एका फटक्यात मोकळी झाली असती, तर तिथं आधी कोण पोचलं असतं, गुराखी की बिल्डर? उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. पण आपण शहरात एसीत बसून ‘जंगल वाचलं’ म्हणून टाळ्या वाजवतो, तेव्हा गडचिरोली वेगळी दिसते. तिथं जिल्ह्याचा बहुतेक भाग मुळात जंगलच. गावाला अंगणवाडी बांधायची, पाण्याची टाकी उभारायची, तर जागा आणायची कुठून? चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यातही तेच. नागपूरच्या हायकोर्टाला कुणी हलवणार नाही हो. पट्ट्यावर घर बांधलेल्या माणसाला मात्र १९९६आधीचा कागद शोधावा लागणार.

आणि पट्टा १९९७चा असेल तर? वाटप का केलं याची कारणं राज्यानं द्यायची, संबंधित अधिकाऱ्यांची नावं कळवायची, त्यांच्यावर कारवाई झाल्यावरच केंद्र प्रस्तावाकडे बघणार. आता सांगा, आपल्याच साहेबाचं नाव असलेली फाइल टेबलावरून पुढे कोण सरकवणार?