चालणारी शिल्पे, चालणारी यंत्रे

शिल्पकाराने केलेले एक चालते यंत्र आणि अभियंत्याने केलेले दुसरे समोर ठेवले, तर त्यांत सुंदर कोणते, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. शिल्प सुंदर आणि यंत्रमानव उपयुक्त, अशी वाटणी आपण आधीच करून टाकलेली असते. ती मला मान्य नाही.

नेदरलँड्समधील थिओ यान्सेन १९९० पासून समुद्रकिनाऱ्यावर चालणारे सांगाडे घडवीत आहेत. विजेच्या तारा ज्यांतून नेतात त्या पिवळसर प्लास्टिकच्या नळ्या हे त्यांचे मुख्य साहित्य. वारा शिडात भरला की मधला दांडा फिरू लागतो आणि पायांची रांगच्या रांग वाळूवरून पुढे सरकते. काही सांगाड्यांत रिकाम्या बाटल्यांतून हवा दाबून साठविलेली असते. वारा पडल्यावर ती कामी येते. शरीर वरखाली न होता एका पातळीत सरकावे म्हणून पायांतील नळ्यांच्या लांबीची प्रमाणे यान्सेन यांनी संगणकाच्या साहाय्याने शोधून काढली. पाहणाऱ्याला हे ठाऊक नसले तरी अडत नाही. प्रत्येक सांधा उघडा असतो. कोणती नळी कोणत्या नळीला ओढते हे डोळ्यांना दिसते, आणि तरीही समोरून एखादा प्राणी चालला आहे असेच वाटत राहते. कारण दिसत असूनही विस्मय ओसरत नाही, हा अनुभव दुर्मीळ आहे.

होंडा कंपनीने २००० साली जगापुढे आणलेला ‘असिमो’ पाहताना मन निराळ्याच तऱ्हेने गुंतते. पांढऱ्या कवचाचा, लहान मुलाएवढ्या उंचीचा हा यंत्रमानव पुढे जिने चढला, धावलाही. आपण टाळ्या वाजविल्या त्या मुख्यतः तो पडला नाही म्हणून. गुडघे किंचित वाकवून तो जपून पावले टाकी. कवचाआड काय घडते ते दिसत नसे. परीक्षेला बसलेल्या मुलाकडे पालकांनी पाहावे, तसे आपण त्याच्याकडे पाहत होतो. (अभियंत्यांचे श्रम यामुळे उणे ठरत नाहीत. दोन पायांवर तोल सावरणे किती अवघड, हे वर्षभराच्या मुलाच्या आईला विचारावे.)

मग कला जिंकली आणि यंत्र हरले काय? तसेही नाही. टॅड मॅकगीर या अभियंत्याने १९९० मध्येच, मोटार व संगणक यांवाचून केवळ उताराच्या बळावर चालणाऱ्या पायांविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केले. पाय लोलकासारखा झुलतो, गुडघा आपसूक वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. ते चालणे मला असिमोच्या चालण्याहून कितीतरी अधिक माणसाचे वाटते. हे पाय कुणी शिल्प म्हणून घडविले नव्हते. परंतु त्यांना शिल्प का म्हणू नये, याचे समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही.

यान्सेन हे मूळचे भौतिकशास्त्राचे विद्यार्थी. हवेच्या झुळुकीने हलणारी शिल्पे करणारे अमेरिकन कलावंत अलेक्झांडर काल्डर यांनी तर यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली होती. आपल्या शाळांत मात्र चित्रकलेचा वर्ग एकीकडे आणि प्रयोगशाळा दुसरीकडे. विज्ञान प्रदर्शनात बक्षीस बहुधा दिवे लुकलुकणाऱ्या, रिमोटवर चालणाऱ्या प्रतिकृतीला मिळते. बांबूच्या कामट्या आणि सायकलची तार जुळवून काही चालते करू पाहणारा विद्यार्थी मागच्या टेबलावर राहतो. या स्मरणिकेच्या वाचकांत शिक्षक व माजी विद्यार्थी पुष्कळ असतील, म्हणून त्यांच्यापुढे एक सूचना ठेवतो: पुढील विज्ञान प्रदर्शनाच्या परीक्षक मंडळात चित्रकलेच्या शिक्षकांनाही बसवावे, आणि गुणांच्या तक्त्यात वस्तूची हालचाल पाहावयास कशी वाटते यासाठी एक रकाना ठेवावा.