पिस्तुलाची वतनदारी नको, नेमबाजीचे शिक्षण हवे

मंठा, जिंतूर आणि सेलूचे रस्ते जिथे मिळतात त्या देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी चहाच्या टपरीवर बसलेल्या आपल्या पोरांच्या मोबाईलवर काय चालते, ते एकदा नीट पाहा. कमरेला पिस्तूल लावलेला कुठलातरी 'भाऊ', मागे डीजे, खाली हजारो लाईक. आता हेच खूळ आपल्या वस्त्यांतही शिरले आहे. "आपल्याकडेही परवाना पाहिजे. एक चांगले पिस्तूल घ्यायचे, पोरांना शिकवायचे आणि पुढच्या पिढीच्या हाती द्यायचे," अशी भाषा शिकलेले तरुणसुद्धा बोलू लागले आहेत.

या मागणीत तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत: संरक्षण, शिक्षण आणि वारसा. त्या वेगळ्या केल्याशिवाय योग्य पिस्तूलही निवडता येणार नाही आणि योग्य मागणीही करता येणार नाही.

आधी बाबासाहेब काय म्हणाले ते पाहू. डिसेंबर १९४८मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी सूचना आणली. १९३१च्या कराची ठरावात काँग्रेसनेच हा हक्क मागितला होता. बाबासाहेबांनी उत्तर दिले की तो ठराव परकीय सत्तेच्या काळातला होता आणि आता परिस्थिती बदलली आहे. प्रत्येक माणूस बाजारात जाऊन हवे ते शस्त्र विकत घेऊ लागला तर राज्य चालणार कसे, असा त्यांचा रोख होता. सूचना फेटाळली गेली.

म्हणजे बाबासाहेब शस्त्रांच्या विरोधात होते का? मुळीच नाही. ज्यांचे वडील सुभेदार होते, जे स्वतः १ जानेवारी १९२७ रोजी भीमा कोरेगावच्या स्तंभाला मानवंदना द्यायला गेले, त्यांना बंदुकीची किंमत कुणी सांगायची गरज नव्हती. लढाऊ जातींचा सिद्धांत पुढे करून इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला, १९१०मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केला, आणि बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर १९४१मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. या सगळ्यांनी काय मागितले? गणवेश, शिस्त आणि प्रशिक्षण असलेल्या संस्थेत बरोबरीची जागा. घरोघरी तमंचा द्या, असे कोणी मागितले नाही. आंबेडकरी भूमिका इथे अगदी स्पष्ट आहे.

आता वारशाकडे येऊ, कारण जातीची खरी मेख इथे आहे. २०१६च्या शस्त्र नियमांत वारसा शस्त्राची तरतूद आहे. परवानाधारक वारला तर त्याच्या वारसाला, किंवा तो सत्तर वर्षांचा झाला वा ते शस्त्र त्याने पंचवीस वर्षे बाळगले तर त्याने नेमलेल्या वारसाला त्या शस्त्राचा परवाना देता येतो. वाचायला नियम निरुपद्रवी वाटतो. पण बंदूक कोणाच्या आजोबाकडे होती? निजामाच्या काळात ती जहागीरदार-देशमुखांच्या वाड्यात होती. वाड्याबाहेर राबणाऱ्याच्या हातात येसकराची काठी होती. ज्याच्या आजोबाला परवानाच मिळाला नाही, त्याचा नातू कशाचा वारस होणार?

दुसरी गाठ आयातीची. १९८०च्या दशकात खासगी आयात बंद झाली. तेव्हापासून परदेशी पिस्तूल आणण्याची मुभा मुख्यतः नावाजलेल्या नेमबाजांपुरती उरली. वॉल्थर, पार्दिनी, हेमर्ली, फाईनवर्कबाउ, मोरिनी ही स्पर्धेच्या .२२ पिस्तुलांतली मोठी नावे. नवे हवे तर आधी नामवंत व्हा. आणि नामवंत व्हायचे तर आधी सरावाला पिस्तूल हवे! हा फेरा ज्याच्या घरात किंवा ओळखीत जुने पिस्तूल आहे त्यालाच सहज तोडता येतो. गुणवत्तेचे गोडवे गाणाऱ्यांनी या 'गुणवत्ते'चे उत्तर द्यावे.

मग आपणही असाच घरगुती वारसा उभा करायचा का? बाबासाहेबांनी १९२८मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले. ते वतन आपलेच होते, बापजाद्यांकडून आलेले होते. तरीही त्यांनी ते मोडायला घेतले, कारण वतनाने माणूस बांधला जातो हे त्यांनी ओळखले होते. कपाटातल्या पिस्तुलाचेही तेच होते. एका घराची प्रतिष्ठा वाढते, वस्तीतली बाकीची पोरे बाहेरून बघत राहतात. दुसऱ्याची वतनदारी मोडायची भाषा करणाऱ्यांनी घरात नवे वतन आणू नये.

शिकण्याच्या बाबतीत मात्र माझे मत उलट आहे. आपल्या मुलामुलींनी नेमबाजी शिकलीच पाहिजे, आणि त्यासाठी .२२ रिमफायर पिस्तुलाइतके चांगले साधन नाही. या काडतुसात फायरिंग पिनचा आघात बुडाच्या मधोमध न होता कडेवर होतो. धक्का कमी, आवाज कमी, गोळ्यांचा खर्च मोठ्या बोअरच्या तुलनेत कमी. म्हणून शिकणारा दचकत नाही आणि त्याच्या चुका लवकर सुधारतात. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३च्या चांगवॉन विश्वचषकात आणि २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले ते याच .२२च्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात.

निवड करताना मापदंड शिकणाऱ्याचा हात हा असावा. गटातल्या सर्वांत लहान हाताच्या मुलीला मूठ नीट धरता येते का? मूठ बदलता येते का, डावखुऱ्यासाठी वेगळी मिळते का? स्पर्धेच्या नियमाने २५ मीटर प्रकारात पिस्तुलाचे वजन १४०० ग्रॅमपर्यंतच चालते आणि ट्रिगरचा ताण किमान १००० ग्रॅम लागतो, तो तपासून घ्यावा. सुटे भाग मिळतील असेच मॉडेल घ्यावे. रिमफायरमध्ये रिकामा बार ओढत राहिले तर पिन चेंबरच्या कडेवर आदळून नुकसान होऊ शकते. सरावाची नकली काडतुसे वापरावीत. जुने घेताना चेंबरची ती कडा आधी पाहावी आणि क्रमांक व कागदपत्रे जुळल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि हे 'छोटे' पिस्तूल आहे म्हणून शेतात, बांधावर बार काढायचा विचारही करू नये. .२२ची गोळी किलोमीटरहून दूर जाऊ शकते. रेंज आणि प्रशिक्षक नसेल तर पिस्तूलही नको. तोवर ४.५ मिलिमीटरचे एअर पिस्तूल पुरे. ठरलेल्या मर्यादेतल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, आणि दहा मीटरची रेंज शाळेच्या सभागृहातही करता येते.

'निर्भीक'सारखी .३२ रिव्हॉल्व्हर या कामाची नाहीत. २०१४मध्ये सुमारे सव्वा लाखाला आलेले ते स्वसंरक्षणाचे हत्यार आहे. त्यावर मुले नेमबाजी शिकणार नाहीत. फार तर बापाचा फोटो चांगला येईल.

परवाना कोणाच्या नावावर? १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३(३)मध्ये मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला सरावासाठी .२२ रायफलचा परवाना 'द्यावा' अशी भाषा आहे. पिस्तूल मात्र 'योग्य कारण' पटण्यावर, म्हणजे साहेबांच्या मर्जीवर सोडले आहे. म्हणून पिस्तूल एकट्यादुकट्याचे नसावे. ते मान्यताप्राप्त क्लबचे असावे, क्लबच्या कुलपात असावे, आणि त्यावर पंचवीस वर्षांत कुणाही मुलाला जात न विचारता शिकता यावे. पुढच्या पिढीला द्यायचे ते असे द्यावे.

कोणी म्हणेल, पैसा कुठून आणायचा? पॅरिसमध्ये २०२४ला .२२ रायफलवर कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. त्याला शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीने घडवले. कोल्हापूरकडच्या मुलाला शासन घडवू शकते, तर सेलू-जिंतूरच्या मुलीने काय घोडे मारले आहे? अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा आहे. मे २०२५मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी 'लाडकी बहीण'कडे वळवले, तेव्हा आपले किती पुढारी रस्त्यावर आले? त्यातल्या चिल्लरीत परभणी जिल्ह्याला नेमबाजी केंद्र मिळाले असते.

राहिले संरक्षण. डिसेंबर २०२४मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, वस्त्यांत पोलिसांची कारवाई झाली आणि सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. तेव्हापासून 'हत्यार पाहिजे' हा सूर वाढला. हा संताप खरा आहे. पण कोठडीत कोणते पिस्तूल उपयोगी पडले असते? त्याची आई न्यायालयात लढली, बाळासाहेब आंबेडकर उभे राहिले, उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

वस्तीच्या संरक्षणासाठी कायद्यात लिहिलेले आधी मागा. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५च्या नियमांतला नियम ३ काय सांगतो? अत्याचारप्रवण क्षेत्र ठरवा, गरज वाटल्यास तिथल्या बिगर अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांचे शस्त्र परवाने रद्द करून हत्यारे सरकारी शस्त्रागारात जमा करा, बेकायदा हत्यारे जप्त करा. त्यानंतर, गरज वाटल्यास, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्या. हा क्रम आपल्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर अंजली दमानिया यांनी आकडे मांडले: बीडमध्ये बाराशेहून अधिक परवाने, परभणीत ३२. बीडचे परवाने कोणी आणि कशासाठी दिले, हा प्रश्न विचारण्याऐवजी आपण तेहेतिसावा परवाना मागत बसायचे?

तेव्हा बांधवांनो, दोन अर्ज लिहा. एक जिल्हाधिकाऱ्यांना, नियम ३ची अंमलबजावणी काय केली याचा माहिती अधिकारात हिशेब मागणारा. दुसरा जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना, सेलू-जिंतूर भागासाठी नेमबाजी केंद्र मागणारा, उपयोजनेच्या निधीतून. दोन्हींची पोच घ्या आणि उत्तर येईपर्यंत पाठ सोडू नका. फाट्यावरच्या पोराच्या हाती पिस्तूल यायचेच असेल, तर ते रेंजवर, प्रशिक्षकासमोर आणि स्वतःच्या हक्काने यावे.

जय भीम! जय संविधान!