गुटखा हा नवा पूर्वजन्म

वस्तीतल्या पोराच्या मानेत गाठ आली की पहिला सवाल ठरलेला असतो : "गुटखा खातो का रे?" मग पोरगं आठ वर्षांचं का असेना. बाप मान खाली घालतो, कारण तो स्वतः खातो. नरडाण्यापासून शिंदखेड्यापर्यंत हे आम्ही इतक्यांदा ऐकलंय की आता गप्प बसणं जमत नाही.

लहान मुलांना डोक्या-मानेचे जे दुर्मिळ कॅन्सर होतात, त्यांचा तंबाखूशी संबंध नसतो. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात होणारा कॅन्सर बहुधा एप्स्टीन-बार नावाच्या विषाणूशी जोडलेला असतो, आणि तो विषाणू जगातल्या बहुतेक माणसांना कधी ना कधी होऊन गेलेला असतो. बाळाच्या डोळ्यातला रेटिनोब्लास्टोमा एका जनुकाच्या बिघाडातून येतो. फोटोत बाहुली पांढरी चमकते, ही त्याची खूण. रॅब्डोमायोसार्कोमा डोळ्याच्या खोबणीत, कानात, नाकात वाढतो. यात पोराची काय चूक? विशीतल्या तरुणाच्या गालाचा-जिभेचा कॅन्सर पुष्कळदा तंबाखूचाच असतो, हे आम्ही नाकारत नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तो कुठे मिळतो हे हायवेवरच्या कुठल्याही टपरीवाल्याला विचारा.

पण चूक शोधायची ही घाई आम्हाला ओळखीची वाटते. तुझं दुःख तुझ्याच मागच्या जन्मीच्या कर्माचं, असं आमच्या आजोबांना सांगितलं जायचं. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये हे पूर्वजन्मीच्या कर्माचं गणित नाकारलं. आता तेच गणित पांढरा कोट घालून परत आलंय. आणि आपली माणसंही ते निमूट मान्य करतात, याचा राग जास्त येतो.

दोष ठरला की तपास थांबतो. नाहीतर दुसरी वाट असते : "पोऱ्याले टीबी शे." गाठीतून सुईने नमुना न घेताच गोळ्या सुरू. मुलांच्या मानेतल्या बऱ्याच गाठी साध्या संसर्गाच्या असतात, काही खरंच टीबीच्या असतात, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण गाठ तीन-चार आठवड्यांत उतरली नाही, टणक झाली, वाढत गेली, सोबत एकाच नाकपुडीतून रक्त येतं किंवा एका कानाने कमी ऐकू येतं, तर नमुना तपासलाच पाहिजे. मानेतल्या गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो, ही अफवा आहे. (डोळ्यातल्या गाठीची गोष्ट वेगळी, तिथे सुई लावतच नाहीत.)

उशीर झाला तर काय जातं, तेही समजून घ्या. मुलांचे कॅन्सर किमो आणि रेडिएशनला मोठ्यांपेक्षा बरा प्रतिसाद देतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात आणि बऱ्याच गरीब देशांत ३० टक्क्यांहून कमी. हा फरक गुटख्याने पडलेला नाही. निदान उशिरा होतं, चुकीचं होतं, उपचार अर्ध्यात सुटतात, म्हणून पडलाय.

काही जण म्हणतील, धुळ्यातच टाटा उभारा. आम्ही असं म्हणत नाही. वाढत्या चेहऱ्यावर रेडिएशन दिलं तर जबड्याची वाढ खुंटते, दात बिघडतात, ग्रंथींवर परिणाम होतो. हे काम ज्यांनी असे पेशंट खूप पाहिलेत त्यांच्याच हातून व्हावं. त्यासाठी परळला जावं लागलं तरी चालेल. आमची मागणी त्याआधीच्या पायरीची आहे. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय महाविद्यालयात मुलाच्या मानेतल्या गाठीचा नमुना पहिल्या आठवड्यात घेतला जावा आणि रिपोर्ट हातात मिळावा. संविधानाच्या ४७ व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य ठरवलंय. ते कागदावर ठेवायला लिहिलेलं नाही.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत. पण मुंबईत सहा-सहा महिने काढताना बापाची मजुरी बुडते, ती कुठल्याच योजनेत नाही, आणि उपचार अर्ध्यात सुटतात ते इथेच. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाचे पेशंट राहतात, सेंट ज्यूड संस्था उपचार घेणाऱ्या मुलांना आई-बापासकट मोफत ठेवते, रेल्वेत पेशंटला स्लीपरचं तिकीट माफ आहे. एमआयडीसीत रोजंदारी करणाऱ्या बापाला हे सांगणार कोण? डीजेच्या सुपारीची वर्गणी आपण चार दिवसांत जमवतो. त्यातला चौथा हिस्सा अशा एका घराच्या सहा महिन्यांच्या किराण्याला ठेवता येत नाही?

३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर, जिथे बाबासाहेब १९३७ साली मुक्कामी होते, आपण सगळे भीमस्मृती यात्रेला येतोच. यंदा आम्ही तिथे एक टेबल लावणार आहोत. ज्यांच्या घरात पोराच्या मानेची गाठ महिनाभर उतरलेली नाही त्यांनी जुने रिपोर्ट, रेशनकार्ड आणि दिलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा घेऊन यावीत. धुळ्याला सोबत आम्ही येऊ.