साहाय्य आणि त्याची किंमत

फीची माफी, शिष्यवृत्ती, घरकुल, म्हातारपणीचे निर्वाहवेतन, यांपैकी कशासाठी तरी अर्ज करण्याचा प्रसंग आपणांपैकी बहुतेक कुटुंबांवर येतो. अर्ज करताना पुष्कळांची मान खाली जाते आणि कचेरीतील कारकूनही पदरचे दान करीत असल्याच्या थाटात कागद पुढे सरकवतो. हे साहाय्य दया आहे की हक्क, हा प्रश्न केवळ मानापमानाचा आहे असे समजू नका. साहाय्य देणारा त्याच्या मोबदल्यात काय मागतो, हे पाहिले म्हणजे त्याचा निकाल लागतो. ज्या देशात समाजकल्याणाच्या आधुनिक कायद्यांचा पाया पुष्कळ अंशी घातला गेला, त्या इंग्लंडच्या इतिहासात ही कसोटी फार स्पष्ट दिसते.

राणी एलिझाबेथच्या अमदानीत १६०१ साली तेथे गरिबांचा कायदा झाला. प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्तीने, मालमत्तेवर कर बसवून आपल्या निराधारांना पोसावे, अशी त्यात योजना होती. गरिबाचे पोषण धनिकाच्या लहरीवर न सोपविता करातून करावे, हा विचार त्या काळी मोठाच होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याची किंमतही वसूल होऊ लागली. १६९७ च्या कायद्याने साहाय्य घेणाऱ्याच्या उजव्या बाहीवर, खांद्यापाशी, तांबड्या किंवा निळ्या कापडाचे अक्षर शिवणे सक्तीचे केले. त्याच्या बायकोमुलांचीही त्यातून सुटका नव्हती. अंगावर हीनपणाची खूण वागविणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याचे कारण नाही.

पुढे १८३४ साली या कायद्यात 'सुधारणा' झाली. साहाय्य घेणाऱ्याची स्थिती स्वतंत्रपणे राबणाऱ्या सर्वांत गरीब मजुरापेक्षाही हलकी राहिली पाहिजे, हे तिचे तत्त्व. म्हणून धडधाकट गरिबाला घरी मदत न देता वर्कहाउसात घालावयाचे ठरले. तेथे नवरा एका बाजूला, बायको दुसऱ्या बाजूला आणि मुले तिसरीकडे ठेवीत. १८४५ साली अँडोव्हर येथील वर्कहाउसात खतासाठी हाडे कुटण्याच्या कामावर लावलेली भुकेली माणसे त्याच हाडांतील मगज खात असल्याचे उघडकीस आले आणि पार्लमेंटला चौकशी करावी लागली. याहून मोठी किंमत निराळीच होती. गरिबांच्या कायद्याखाली साहाय्य घेणाऱ्याला पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येत नसे. भाकरी हवी तर मत सोडा, असा तो सौदा होता. तो १९१८ साली रद्द झाला.

खासगी धर्मादायाची तऱ्हा फारशी वेगळी नव्हती. लंडनमध्ये १८६९ साली स्थापन झालेल्या चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीने गरिबांच्या घरोघर चौकशी करून त्यांची 'लायक' आणि 'नालायक' अशी वाटणी चालविली. आजच्या समाजकार्यातील एकेका कुटुंबाची माहिती काढण्याची पद्धत पुष्कळशी तेथूनच आली, आणि ती उपयुक्त आहे. पण गरिबीचे कारण गरिबाच्या स्वभावात शोधण्याची खोडही तिच्यासोबत आली. बिएट्रिस वेब यांनी १९०९ च्या आपल्या अल्पमताच्या अहवालात या खोडीवरच घाव घातला. त्या अहवालाच्या कामात साहाय्य करणारे विल्यम बेव्हरिज पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक झाले. १९२० ते १९२३ या काळात बाबासाहेब त्या संस्थेत अध्ययन करीत होते, तेव्हा संचालकपदी तेच होते. कोणी कोणापासून काय घेतले, याचे तर्क लढविण्यात अर्थ नाही. बेव्हरिज यांचा सामाजिक विम्याचा अहवाल १९४२ साली प्रसिद्ध झाला आणि जुना गरिबांचा कायदा १९४८ साली संपुष्टात आला. त्याला ३४७ वर्षे लागली.

याच वादाचे आपल्या देशातील रूप पाहा. १९३२ साली अस्पृश्यता निवारणासाठी एक संघ निघाला, तोच पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखला गेला. त्याचे चिटणीस अमृतलाल ठक्कर यांना बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९३२ मध्ये बोटीवरून पत्र लिहिले. माणूस दुःखात आहे तो त्याच्या दुर्गुणांमुळे, असे मानणारे कार्यकर्ते व्यायामशाळा, वाचनालये आणि दारूबंदी यांत रमतात. माणसाची दशा परिस्थितीने ठरते असे मानणाऱ्याने परिस्थिती बदलली पाहिजे. विहिरीवरचे पाणी, शाळेतील आणि चावडीतील प्रवेश, सार्वजनिक वाहनांचा वापर हे नागरी हक्क आधी मिळवून द्या, असे त्यांचे म्हणणे होते. त्याआधी, १९२८ साली, मुंबई कायदे कौन्सिलात गिरणीकामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या बिलास पाठिंबा देतानाही त्यांची दृष्टी हीच होती. बाळंतिणीची विश्रांती हे राष्ट्राचे हित आहे, म्हणून तिचा भार बव्हंशी सरकारने सोसला पाहिजे, असे त्यांनी सांगितले. तो कायदा १९२९ साली झाला. संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदातही बेकारी, वार्धक्य आणि आजार यांतील साहाय्यासंबंधी 'हक्क' हाच शब्द आहे, जरी त्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावता येत नाही.

आता आपल्या घरची गोष्ट. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणाऱ्यास वगळले होते. १९५६ साली त्यात शिखांसाठी दुरुस्ती झाली. बौद्धांसाठी झाली नाही. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला दीक्षा घेणाऱ्यांनी जात नाकारली. त्यांची गरिबी आणि गावाने घातलेला बहिष्कार मात्र दुसऱ्या दिवशीही तसाच होता. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर राज्य शासनाने आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना दिल्या, ही योग्य गोष्ट झाली. केंद्राच्या नोकऱ्यांतील आणि लोकसभेतील राखीव जागांचे दार तेवढ्याने उघडले नाही. एका देशाने भाकरीसाठी मत मागितले, दुसऱ्याने राखीव जागेसाठी धर्म मागितला. कागदोपत्री पूर्वीचाच धर्म लिहून मुलाची सोय लावणाऱ्या बापाला नावे ठेवण्यापूर्वी हे ध्यानात घ्या. ही अट बौद्धांपुरती १९९० च्या दुरुस्ती कायद्याने गेली. दीक्षेच्या वर्षी जन्मलेले मूल तेव्हा ३४ वर्षांचे झाले होते.